एक भोंगा मैदानाकडं

डॉक्टरांनी तीन महिने तोंड उघडायचं नाही असं सांगितलंय, म्हणून हे लिहिणं घडतंय. आमच्या मारुंजीच्या वाचनालयाच्या बाई दोन वर्षं मागं लागल्या होत्या, दिवाळी अंकाला काहीतरी द्या म्हणून. मी टाळत होतो. शाळा आठवीला सुटली, त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे तळहातावर खेळाडूंची नावं, एवढंच. बाई म्हणाल्या, "माईकवर बोलता तसंच लिहा, बाकीचं आम्ही बघतो." त्यांच्या भरवशावर बसलोय. कुठं चुकलं असेल तर दोष माझा, आणि वाचण्यासारखं काही निघालं तर ते या तालुक्याचं. मला जे मिळालं ते इथंच मिळालं.

स्वरयंत्रावर गाठी आल्यात. कुजबुजायचंही नाही म्हणे, त्यानं जास्त ताण पडतो. घरात मी टाळ्या वाजवतो. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा. बायको, मंगल, म्हणते की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचं बोलणं मध्ये न तोडता मी ऐकून घेतलं ते याच तीन महिन्यांत.

मी कबड्डीचा समालोचक. पत्रिकेवर 'सुप्रसिद्ध निवेदक' छापतात, पोरं 'कॉमेंट्रीवाले काका' म्हणतात आणि जुनी माणसं नुसतं 'परभणी' म्हणतात, कारण मी तिकडचा. चुलतभावाच्या मागं भूगावात आलो, ते इमारतीवर पाणी मारायच्या कामाला. नवं प्लास्टर वाळू नये म्हणून दिवसभर भिंतीवर पाइपनं पाणी मारायचं. चार मजले संपले की पहिला पुन्हा कोरडा झालेला. दिवसभर कुणाशी बोलायची सोय नाही. तिथून मला उचललं पौडच्या बाळूशेठनं. त्यांचा मांडवाचा आणि लाऊडस्पीकरचा धंदा. गोदामात भोंग्यांच्या शेजारी झोपायला जागा दिली आणि त्यांच्या घरून दोन वेळची भाकरी यायची. त्या भाकरीची आठवण आली की अजून मान खाली जाते. मी कोण, कुठला, हे त्या घरानं विचारलंसुद्धा नव्हतं.

माईक हातात आला तो गुण सांगायला. "नुसतं पाच-तीन, सहा-तीन एवढं बोल," बाळूशेठ म्हणाले. पण दोन गुणांच्या मध्ये भोंगा गप्प राहिला की तो बंद पडलाय असं लोकांना वाटायचं आणि ते बाळूशेठकडं बघायचे. मला भीती वाटली, हे काम जायचं. म्हणून मी मधल्या वेळात दिसेल ते बोलायला लागलो. "चढाईला यायलाय, डावीकडं सरकायलाय, आता वाकायलाय." मैदान हसायला लागलं. एक म्हातारा ओरडला, "आरं परभणी, यायलाय काय, येतोय म्हण." पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावानं बाळूशेठला मांडव सांगताना विचारलं, तो यायलायवाला येणार हाय का? तिथून सुरुवात. त्याला बावीस वर्षं झाली.

ज्यांनी मैदानावरचा समालोचक पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेडिओवरचा माणूस जे बोलतो ते घराघरात जातं, खेळाडूच्या कानावर पडत नाही. आमचं तसं नसतं. साधारण चार भोंगे लागतात. दोन प्रेक्षकांकडं, एक रस्त्याकडं, म्हणजे जाणारा गाडी थांबवून बघायला आत यावा, आणि एक मैदानाकडं, पंचांना आणि खेळाडूंना गुण कळावेत म्हणून. आम्ही बोलतो ते ज्यांच्याबद्दल बोलतो तेही ऐकत असतात. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, भोंगे मीच बांधायचो. पण माहीत असणं आणि कळणं यात अंतर असतं. ते मला कसं कळलं ते पुढं येईल.

चढाई तीस सेकंदांची. चढाई करणारा एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणत असतो आणि त्याच्याबरोबर आमचाही दम चाललेला असतो. त्याचा पाय मध्यरेषेला टेकेपर्यंत आपणही श्वास सोडायचा नाही, नाहीतर आवाज मध्येच पडतो आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही पडतात. दुसरं म्हणजे हात बघायचे नाहीत, पाय बघायचे. हात फसवतात. पाय कुठं वळलाय त्यावरून गडी कुठं जाणार ते आधी कळतं. मी सगळी वर्षं लोकांचे पाय बघण्यात काढलीत. आजही दारात कुणी आलं की आधी खाली नजर जाते.

तिसरं म्हणजे चिठ्ठ्या. कुणीतरी पाहुणे येतात आणि कार्यकर्ता मागून चिठ्ठी सरकवतो, 'यांचं आगमन झालेलं आहे.' ते आगमन लगेच बोललं गेलं पाहिजे. माझा नियम होता, चढाई चालू असताना स्वागत करायचं नाही. चिठ्ठ्या पाण्याच्या बाटलीखाली ठेवायच्या आणि खेळ थांबला की वाचायच्या. एकदा एक पाहुणे ऐन चढाईत आले. मी अर्धं मिनिट उशीर केला तर ते उलट्या पावली गाडीत जाऊन बसले. बाळूशेठ नारळ घेऊन गाडीमागं पळाले. परत येऊन मला म्हणाले, "तुझ्या चढाईपायी मला पळावं लागलं. कोण जिंकलं?" एवढंच. शिवी नाही, काही नाही. असा मालक मिळायला नशीब लागतं.

गिऱ्हाईक कसंही भेटतं. मारुंजीत एका सोसायटीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत सामने होते. दुपारी पाचव्या मजल्यावरून एक तरुण लॅपटॉप तसाच उघडा हातावर घेऊन खाली आला. "अहो काका, माझी मीटिंग चालू आहे. क्लायंट विचारतोय, ये तीसरी चढाई क्या होती है?" मी घाबरून रस्त्याकडचा भोंगा फिरवायला पोरं पाठवली आणि तेवढ्यात त्याला सांगून टाकलं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, कुणी बाद नाही, कुणी धरलं नाही, तर तिसरीला गुण आणावाच लागतो. नाही आणला तर चढाई करणाराच बाद. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या डेडलाइनसारखं." मग लॅपटॉप काखेत मारून शेवटपर्यंत तिथंच उभा राहिला. क्लायंटचं काय झालं ते माहीत नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

दहाबारा वर्षं झाली असतील. पौडच्या मैदानावर मुलींचे सामने होते, जिल्ह्याच्या संघाची निवड त्यातून व्हायची होती. निवड समिती समोर खुर्च्यांवर बसलेली. माझी कामाची एक पद्धत होती. सामन्याआधी तासभर मी दोन्ही संघांकडं जायचो, नावं तळहातावर लिहायचो आणि शेवटी विचारायचो, "आणखी काही सांगण्यासारखं?" कुणी म्हणायचं, ही हळद उतरायच्या आत खेळायला आलीय, कुणी म्हणायचं, हिची आई पण खेळायची. ते मी मध्ये-मध्ये पेरायचो. लोकांना खेळाडू आपला वाटायला लागतो. हीच माझी खासियत आहे असं लोक म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी धरणाच्या वरच्या अंगाच्या कातकरी वाडीतली एक मुलगी डाव्या कोपऱ्याला खेळत होती. कमल. वाडीतून जिल्ह्याच्या निवडीपर्यंत आलेली ती पहिलीच. जिल्ह्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं असतं तर नोकरभरतीत खेळाडूंच्या जागेवर तिचा हक्क लागला असता. तिचे वडील, लहूदादा, मैदानाच्या कडेला उकिडवे बसले होते. मी विचारल्यावर तेच बोलले.

"सायेब, लेकीचा डावा खांदा पावसात निखळला व्हता. मोळी उतरवताना. बसवलाय, पर आजून दुकतुया. सकाळी मलाच म्हनती, बाबा चला, उशीर हुतोय."

"मला साहेब म्हणू नका, मी भोंगे बांधणारा माणूस," मी म्हणालो आणि तळहातावर तिच्या नावापुढं 'खांदा' असं लिहिलं.

सामना रंगला. कमल खेळत होती ते बघण्यासारखं होतं. समोरच्या संघाची चढाई करणारी मुलगी थोराड आणि हुशार, पण कमलच्या बाजूला जायला बिचकत होती. समितीतला एक जण मात्र फोन बघत होता, दुसरा शेजाऱ्याशी बोलत होता. मला वाटलं, यांचं लक्ष हिच्याकडं गेलं पाहिजे. ही मुलगी राहून जायला नको. म्हणून मी आवाज चढवला.

"मंडळी, डाव्या कोपऱ्याला कमल. गेल्या पावसाळ्यात या मुलीचा डावा खांदा निखळला होता. अजूनही पुरता बरा नाही. तरी बघा, तिच्या अंगावरून एकही चढाई परत गेलेली नाही. निवड समितीनं नोंद घ्यावी अशी ही जिद्द."

टाळ्या पडल्या. समितीतल्यांनी माना वर केल्या. आणि ती थोराड मुलगी मध्यरेषेवरच थबकली, भोंग्याकडं बघितलं, मग कमलकडं बघितलं. तेवढ्यात कमलची नजर क्षणभर स्वतःच्या खांद्याकडं गेली. मी व्यासपीठावर उंचावर होतो, मला दोघींचंही बघणं दिसलं. पण शब्द निघून गेला होता.

पुढच्या चढाईत ती मुलगी सरळ डाव्या कोपऱ्यात शिरली. पाय पुढं टाकून ठेवला, धर म्हटल्यासारखा. कमलनं घोटा धरला. ती मध्यरेषेकडं ओढत गेली असती तर कमलनं सोडलं नसतं. पण ती बाहेरच्या बाजूला फिरली, सगळं वजन टाकून, कमलचा हात मागं पिळत. कमल ओरडली नाही. नुसती गुडघ्यावर बसली आणि उजव्या हातानं डावा हात धरून राहिली.

मी माईक धरून तसाच उभा. भोंगा बंद पडला की काय म्हणून बाळूशेठनं वळून बघितलं.

संध्याकाळी निवड झालेल्यांची यादी आली. यादी वाचायचं काम निवेदकाचं असतं. बारा नावं. मी कागद आधी खालून वर वाचला, मग वरून खाली. कमलचं नाव नव्हतं. घसा खाकरून मी बाराही नावं वाचली, प्रत्येकीच्या नावानंतर टाळ्यांसाठी थांबलो, समितीचे आभार मानले. लहूदादा तोवर लेकीला घेऊन दवाखान्यात गेले होते, तेवढीच देवाची कृपा.

मला कुणी काही बोललं नाही. तेच जड जात होतं. आठवड्यानं केळी घेऊन वाडीवर गेलो. लहूदादा म्हणाले, "तुमी कशाला मनाला लावून घेता? मीच सांगितलं तुमाला."

"बाबा, तुमी गप ऱ्हावा," कमल म्हणाली. हात गळ्यात बांधलेला. माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, तुमच्या नुसत्या बोलन्यावर त्या पोरीचा इस्वास बसला नव्हता. तिनं माझ्याकडं बगितलं आन मी खांद्याकडं बगितलं. तितं डाव गेला." मग गळ्यातला हात सावरत म्हणाली, "पर तुमी बोलला नसता तर मी बगितलं नसतं."

मी मान हलवली. तिनं चहा दिला. तो चहा मला आजवर उतरलेला नाही.

त्या दिवसापासून 'आणखी काही सांगण्यासारखं?' हा प्रश्न मी बंद केला. नियम केला, डोळ्याला दिसतं ते बोलायचं, कानाला कळलेलं गिळायचं. लोक म्हणाले, परभणीच्या कॉमेंट्रीत पूर्वीची मजा राहिली नाही. खरं होतं. नव्या पोरांच्या यूट्यूबवरच्या समालोचनात शेरोशायरी असते, मागं संगीत असतं. माझं आपलं, उजवीकडून आली, पाय टाकला, धरली, बाद. थकायला व्हायचं. पण घरी येऊन झोप लागायची.

कमल पुढं हिंजवडीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायला लागली. सुटीच्या दिवशी वाडीतल्या मुली गोळा करून शिकवायची. ते मला बाहेरून कळायचं. समोरासमोर आलो ते या उन्हाळ्यात, कासारसाईच्या मैदानावर. पुन्हा निवडीचे सामने, पुन्हा समोर समिती, आणि कमल आपल्या सात मुली घेऊन आलेली. माझा घसा तेव्हाच फाटल्यासारखा झाला होता, वरची पट्टी लागत नव्हती.

मी नावं लिहून घेतली. उजव्या कोपऱ्याला रेश्मा. कमल म्हणाली, "ही निवडीत बसंल. माझ्यापेक्षा चांगली हाय." मग तिनं मला बाजूला नेलं.

"काका, एक काम करा. माझी डावी कोपऱ्याची पोरगी दगुड हाय, कुणाला हालत न्हाई. तुमी माईकवर येवढंच बोला की डाव्या कोपऱ्याचा हात दुकतोय. त्या समद्या तिकडं येतील आन आडकतील."

"पोरी, खोटं कसं बोलू माईकवर?"

"तवा न मागता खरं बोलला. आता मी मागतेय, तर एक खोटं हुईना व्हय?"

तिचं देणं लागतो हे मला माहीत होतं आणि तिलाही. पण माईकवरचा शब्द एवढीच माझी कमाई आहे, त्यावर या मुलखानं मला भाकर घातली. मी म्हणालो, "नाही जमणार." ती म्हणाली, "बरं," आणि वळून गेली. तिचं ते 'बरं' सामना संपेपर्यंत कानात होतं.

सामना शेवटच्या मिनिटावर आला. कमलच्या मुली एका गुणानं पुढं होत्या. समोरच्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे आता तिसरी. गुण आणला तर बरोबरी, नाही आणला तर संपलं. त्याच्या आधीच्या झटापटीत रेश्मा पडली होती. झटकन उठली, कुणाच्या लक्षात आलं नाही. पण मी पाय बघणारा माणूस. तिचा उजवा घोटा आत वळला होता आणि ती आता नुसता अंगठा टेकवून उभी होती. एक धक्का आणि ती गेली असती, गुण गेला असता, आणि तो घोटाही गेला असता. समिती समोर बसलेली.

चढाईवाली मध्यरेषा ओलांडून आत आली. सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, "उजव्या कोपऱ्याला रेश्मा..." आणि चढाईवालीचं तोंड त्या कोपऱ्याकडं वळलं.

माझाच नियम होता, दिसतं ते बोलायचं. आणि मला दिसत होतं.

माझा हात बाटलीखाली गेला.

"...आणि मंडळी, याच वेळी आपल्या मैदानावर मान्यवरांचं आगमन झालेलं आहे," मी बोललो. पहिली चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली. गावाचं नाव, पद, सगळं. संयोजकांनी शाल-श्रीफळ तयार ठेवावं असं सांगितलं. प्रेक्षकांतून ओरड सुरू झाली. "ओ परभणी, चढाई चाललीया!" "पाव्हणं काय पळून चाललंत व्हय?" मी तिसरी चिठ्ठी घेतली. त्यातले पाहुणे सकाळीच येऊन गेले होते. त्यांचंही पुन्हा एकदा मनापासून स्वागत केलं.

चढाईवाली गोंधळली. सेकंद संपत आले होते. ती वळून डाव्या कोपऱ्याकडं गेली, आणि तिथं दगड होता. शिट्टी वाजली.

गुण सांगायला मी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. स्कोररनं माझ्या हातातून माईक घेतला.

कमल चहाचे दोन कप घेऊन व्यासपीठामागं येऊन बसली. "काका, पाव्हन्यांची आठवन बरी झाली आज."

मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "चिठ्ठ्या साचल्या होत्या."

"चढाईत कदी स्वागत करत न्हाई तुमी." मी चहाचा घोट घेतला. ती म्हणाली, "रेश्माच्या घोट्याला बरफ लावलाय. पुढची मॅच न्हाई खेळवत तिला." मग उठता उठता म्हणाली, "घसा दाखवा कुनाला तरी. लई वाईट बसलाय." तिनं सांगितलं म्हणून, चालढकल करत श्रावणात का होईना, मी दवाखान्यात गेलो, नाहीतर गेलो नसतो.

पुढचा सामना त्या हरल्या. समितीनं रेश्माचं काय ठरवलं ते अजून कुणाला माहीत नाही. बारा जणींची यादी दिवाळीनंतर कासारसाईच्याच मैदानावर जाहीर होणार आहे. डॉक्टरांचे तीन महिने त्याच्या आठवडाभर आधी संपतात. आवाज परत येईल का, आला तर किती येईल, ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. रोज रात्री मला त्याचीच धास्ती असते. कमलनं निरोप धाडलाय, यादी काकांनीच वाचायची, नाव असलं तरी आन नसलं तरी.

सकाळी मंगल पाणी भरायला गेली की मी आरशासमोर उभा राहतो. आवाज न काढता नुसते ओठ हलवून बारा नावं म्हणून बघतो. अकरा नावं रोज वेगळी, सुचतील ती घेतो. बारावं बदलत नाही.